सीटखालचा नारळ

मी मुळात भित्रा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी नातवंडं हल्ली मला पाहुण्यांसमोर 'आमचे आजोबा रेसर होते' म्हणून उभं करतात आणि पाहुणे माझ्याकडे भलत्याच कौतुकानं बघू लागतात. रेसर वगैरे मी कधीच नव्हतो. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, नागपूरच्या बाहेरच्या माळरानावर चुन्यानं आखलेल्या वाटेवरून, शंकूंच्या मधून वळणं घेत, घड्याळाविरुद्ध गाडी पळवायची, एवढाच तो खेळ. ऑटोक्रॉस म्हणतात त्याला. एका वेळी एकच गाडी सोडतात. शेजारून कोणी घुसत नाही, मागून कोणी ठोकत नाही. शंकू पाडला तर वेळेत काही सेकंद वाढवतात, आणि शेवटी एका चौकोनात गाडी बरोबर थांबवायची असते. ऐकायला हे शाळेच्या कवायतीइतकं निरुपद्रवी वाटतं. तरी पहिल्या खेपेला त्या रांगेत उभा असताना माझे तळहात इतके घामेजले होते की स्टेअरिंग पुसायला मी गळ्यातला दुपट्टा काढला, आणि पुढं जे झालं त्यात त्या दुपट्ट्याचाही हात आहे. पण आधी घराबद्दल सांगतो.

आमचं घर पांढुर्ण्यात, स्टेशनच्या बाजूला. आता पांढुर्णा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, मोठ्या गाड्यांतून साहेबलोक फिरतात. तेव्हा आमच्या गल्लीत चारचाकी शिरली की लोक ओट्यावर येऊन बघायचे. बाबा शाळेत गणित शिकवत. आईचं घड्याळ म्हणजे रेल्वे. तिगावकडून सकाळची पॅसेंजर आली की दूध उतरवायचं, दुपारची एक्स्प्रेस शिट्टी मारून गेली की बाबांसाठी कुकर लावायचा. मालगाडी गेली की फळीवरची पितळी भांडी किणकिणत, आणि ती थांबेपर्यंत आई बोलता बोलता मध्येच गप्प राहायची, मग वाक्य जिथं सोडलं तिथूनच पुढं सुरू करायची. जेवायला साधंच असे, वरण-भात, पोळी, आलू-वांग्याची भाजी, रविवारी पाटोडीचा रस्सा. पण त्या घरातला जो आवाज मला अजून ऐकू येतो तो रेल्वेचा नाही. तो खलबत्त्याचा आहे.

आई सावरगावची. म्हणजे जाम नदीच्या पलीकडची. पूल ओलांडला की तिचं माहेर. वर्षभर हे अंतर काहीच नसायचं, ती भाजी निवडता निवडता माहेरी जाऊन यायची. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड उभं राहतं, त्यावर झेंडा लागतो आणि तो कोणी काढून आणायचा यावरून दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. आमच्याकडं हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, पण हे पुस्तक पांढुर्ण्याबाहेर गेलंच तर असावं म्हणून लिहितो. गोटमारीच्या दिवशी माझ्या आईचं माहेर आणि सासर एकमेकांना दगड मारत. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, झेंड्यापर्यंत पोचायच्या नादात नदीत उतरला आणि आमच्या काठावरून आलेल्या दगडानं त्याचा डावा डोळा गेला. आमचं घर जवळ पडेल म्हणून लोकांनी त्याला उचलून तिच्याच दारात आणलं. त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी आई सगळ्या खिडक्या लावून घ्यायची आणि बाहेरचा गलका ऐकू येऊ नये म्हणून खलबत्त्यात मिरच्या कुटत बसायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. घरभर खोकला व्हायचा, बाबा डोळे पुसत वर्तमानपत्र वाचायचे, पण कोणी तिला थांब म्हणायचं नाही. पुढं पुढं ती सवय इतर दिवसांनाही लागली. माझा निकाल लागायचा असो, बाबांना ताप असो, आईला धास्ती बसली की खलबत्ता वाजायचा. त्यामुळं शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला तर माझे पाय जड व्हायचे. भीती माझ्यात कानांवाटे आली आहे असं मला नेहमी वाटतं.

मामानं मात्र त्या डोळ्याचं दुःख फार केलं नाही. सावरगावात रस्त्याला लागून त्याचं गॅरेज होतं आणि दोन डोळ्यांचे मिस्त्री ज्या गाड्यांपुढं हात टेकत त्या त्याच्याकडं येत. कॉलेज सुटल्यावर मी संत्र्याच्या बागांतून पेट्या भरलेला छोटा टेम्पो चालवायचो आणि उरलेला वेळ मामाच्या गॅरेजात पाने देत-घेत बसायचो. एकदा हायवेवर बंद पडलेली एक गाडी ढकलत आणली गेली. तिच्या दारांवर मोठा आकडा रंगवलेला, आत मागची सीटच नाही, छताला आतून लोखंडी पाइपांचा सांगाडा. गाडीवाले नागपूरचे एक मध्यमवयीन गृहस्थ होते. क्लच उघडून होईपर्यंत त्यांनी मामाला ऑटोक्रॉस म्हणजे काय ते सगळं सांगितलं. पुढच्या मोसमात नवख्यांसाठी वेगळा गट आहे, घरी तयार केलेली गाडी चालते, नाव द्यायचं असेल तर कळवा, म्हणाले. ते गेले आणि मामा बराच वेळ हात पुसत उभा राहिला.

"एकेकच गाडी सोडतेत म्हणे," तो म्हणाला. "कोणी कोणाच्या अंगावर येत नाही. हा तं आपल्यासाठीच खेळ आहे बे संजू!"

"मंग चालव ना तू," मी म्हटलं.

"मले शंकू दोन हातावर आहे का चार हातावर ते एका डोळ्यानं समजत नाही. मी गाडी बनवतो. चालवशीन तू."

मला नको होतं. हे मी आज खरं लिहितो. मला नको होतं, आणि मला दुसरं काहीच नको होतं, दोन्ही एकदमच. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर कोणती गाडी.

गॅरेजच्या मागं एक जुनी आठशे सीसीची पांढरी गाडी पडून होती. मामानं ती चार महिन्यांत अशी काही बदलली की तिच्या जुन्या मालकानं पाहिली असती तर ओळख दिली नसती. मागची सीट काढली, पायाखालची गालिच्याची चटई काढली, आत नुसता पत्रा राहिला. इंजिनाला खालून दगड लागू नये म्हणून जिनिंगच्या जुन्या मशीनचा जाड पत्रा कापून बसवला. स्प्रिंगा बदलल्या, हँडब्रेकचा दांडा लांब केला, छताखाली पाइपांचा पिंजरा वेल्ड केला. प्रत्येक जोड झाला की मामा डोळा मिटून त्यावरून अंगठा फिरवायचा. हे सारं माझ्या आईपासून लपवून चाललं होतं, आणि नदीपलीकडच्या तिच्या माहेरी ती आठवड्यातून तीनदा यायची. मी सतत कान टवकारून असायचो. रोज घरी शिरताना आधी खलबत्ता ऐकायचा, नसला की श्वास सोडायचा.

सरावाला मामानं ओळखीच्या एका शेतकऱ्याचं रान मागून घेतलं. कापसाची उलंगवाडी झाली होती, पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या आणि जमीन मोकळी, टणक पडली होती. शंकू कुठून आणणार? आम्ही संत्र्याच्या रिकाम्या पेट्या ठेवल्या आणि प्रत्येक पेटीवर एकेक संत्रं. पेटीला गाडी घासली की संत्रं पडायचं, आणि जे पडेल ते मामा सोलून खायचा. पहिल्या दिवशी मामाला रात्रीचं जेवण गेलं नाही. महिनाभरात त्याला एखाददुसऱ्या संत्र्यावर भागवावं लागलं. हँडब्रेक ओढून मागची चाकं घसरवत वळण कसं घ्यायचं, ते त्यानं मला बाहेर उभं राहून, नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून शिकवलं. "डोये कमी वापर," तो ओरडायचा, "बुडानं समज गाडी कुठं चालली ते!" त्या दिवसांत मला रात्री झोप लागायची नाही आणि दिवसा गाडीत बसलो की भीती कुठं जायची कोण जाणे. उतरलो की परत हजर.

आणि एका दुपारी वळण घेऊन धूळ खाली बसली तर बांधावर आई उभी. हातात डबा. कोणीतरी तिला सांगितलं असणार की मामा-भाचे शेतात आहेत. ती ओरडली नाही. एका पेटीवरचं संत्रं उचलून बाजूला ठेवलं आणि त्या पेटीवर बसली.

"काय करून राहिले तुमी दोघं?"

मामा सांगू लागला. एकेक गाडी, घड्याळ, शंकू, पिंजरा. आई ऐकत होती, पण बघत होती त्याच्या डाव्या डोळ्याच्या खोबणीकडं. तो सांगत सांगत हळू झाला आणि थांबला.

"तवाही तू असाच सांगत होता," ती म्हणाली. "ताई, काई होत नाही म्हणे. नुसता झेंडाच तं आणा लागते."

घरी चार दिवस खलबत्ता वाजला. मिरच्या संपल्या तेव्हा धणे, धणे संपले तेव्हा खडीसाखर. बाबा पहिल्या दिवशी म्हणाले, "परीक्षेत तीन तास देतात तेव्हा याचा पेपर सुटत नाही, आणि इथं हा सेकंद वाचवायला निघाला!" दुसऱ्या दिवसापासून तेही बोलेनासे झाले. मी रोज ठरवायचो की आज नाही म्हणून सांगून टाकू, नागपूरला नाव गेलंय ते परत घेऊ. आणि रोज मामानं गाडीच्या दारावर रंगवलेला तेरा आकडा आठवायचा आणि मी न सांगताच गॅरेजात निघून जायचो. पाचव्या दिवशी, शनिवारी, आई सकाळीच निघून गेली. जामसांवलीला. पहुडलेल्या हनुमानाचं ते देऊळ आमच्या भागातलं मोठं ठिकाण, शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. दुपारी आली ती नारळ घेऊन. सोललेला, शेंडी ठेवलेला, शेंदराचं बोट लावलेला. देवळात दिव्याला लागून शेंडी एका बाजूनं जराशी जळली होती आणि त्याला करपल्याचा वास येत होता.

"एकदा जाय," ती म्हणाली. "हा नारळ गाडीत ठेव. गाडीतून उतरवू नको. आणि हाच नारळ घेऊन घरी ये. मी उंबऱ्यावर फोडीन, आणि मंग तुले कधीच अडवणार नाही. पण हा आला नाही, तं त्या गाडीले पुन्हा हात लावाचा नाही."

मी हो म्हटलं. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या नारळावर आलंय असं मला त्या क्षणी वाटलं, आणि बावीस वर्षांच्या पोराला जितपत आयुष्य असतं त्या मानानं ते खरंही होतं.

जायच्या दिवशी पहाटे खलबत्त्यानंच जाग आली. आईनं तर्री-पोहे केले होते, मला दोन घासही गेले नाहीत. मामा आणि मी सौंसरवरून, सावनेरवरून नागपूर गाठलं. गाडीत पत्रा इतका वाजत होता की बोलता येत नव्हतं, आणि ते बरंच होतं. माळरानावर पोचलो तर तंबू, कर्णे, चहाची टपरी, रंगीत जॅकेटातली मुलं. त्यांच्या गाड्या आमच्या गाडीपेक्षा किती तरी चकचकीत. एका मुलानं आमच्या पिंजऱ्याच्या वेल्डिंगवर बोट ठेवून विचारलं, "कहाँ बनवाया?" मामा म्हणाला, "घर पे," आणि माझ्याकडं बघून हसला. मी हसू शकलो नाही.

तिथं आधी गाडीची तपासणी होते. पांढरे केस असलेले एक गृहस्थ वहीत बघून एकेक गोष्ट हलवून पाहत होते. बेल्ट ओढला, बॅटरी हलवली, पिंजऱ्यावर थाप मारली, मान डोलावली. मग खाली वाकले आणि सीटखालून नारळ बाहेर काढला.

"हे काय?"

"आईनं दिलाय सर. देवाचा आहे."

"देवाचा असू दे, गाडीत सुटी वस्तू एकही चालत नाही. पाण्याची बाटलीसुद्धा नाही. बाहेर ठेवा." त्यांनी तो आदरानं दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला आणि काचेवर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली.

मामा शेवटच्या चौकोनापाशी उभं राहायला गेला होता, तिथून सगळी वळणं दिसतात म्हणून. मी रांगेत एकटा. माझ्यापुढं सहा गाड्या. नारळ मांडीवर. गाडीतून उतरवू नको, ती म्हणाली होती. सुटी वस्तू चालत नाही, ते म्हणाले होते. बाहेर कोणाच्या हातात द्यावा तर ओळखीचं कोणी नाही, आणि खरं सांगायचं तर कोणी असतं तरी मी दिला नसता. आतापर्यंत जे सांगितलं त्यातलं काही मामाचं, काही आईचं, पण हे सर्वस्वी माझं. मी गळ्यातल्या दुपट्ट्यानं स्टेअरिंग पुसलं, मग तोच दुपट्टा नारळाभोवती पाचर म्हणून खोचला आणि नारळ पुन्हा सीटखाली सारला. पायानं दाबून पाहिला. हलला नाही. इतका शिकलेला, मास्तराचा मुलगा मी, आणि मला वाटलं की नारळ आत आहे म्हणजे मला काही होणार नाही.

झेंडा पडला आणि पहिल्या वळणापर्यंत मी श्वासही घेतला नाही. दुसऱ्या वळणाला हँडब्रेक ओढला, मागची बाजू अलगद फिरली, आणि मला एकाएकी फार आनंद झाला. शंकू दिसायचे थांबले, संत्र्याच्या पेट्या दिसू लागल्या. एकही पडली नाही. चौथं वळण, पाचवं, डावीकडं, उजवीकडं, पत्रा वाजतोय, खडे उडताहेत. पायाला काहीतरी टणक लागून गेलं हे मला जाणवलं, पण समजलं नाही. शेवटचा सरळ पट्टा आला. समोर चौकोन, चौकोनामागं गर्दी अडवायला बांधलेली पट्टी, पट्टीमागं माणसं आणि त्या माणसांत मामा, हात वर केलेला. मी ब्रेकवर पाय दिला आणि ब्रेक खाली गेला नाही.

तो क्षण मी आयुष्यात हजारदा मोजला असेन. ब्रेकखाली नारळ होता. दुपट्टा केव्हाच सुटला होता आणि वळणावळणाला इकडून तिकडं लोळत तो नेमका तिथं येऊन बसला होता. मी पाय दिला की तो पत्र्यावर घट्ट दाबला जायचा. मला मामाचा चेहरा दिसत होता. त्याला अंतर कळत नाही, हे माझ्या मनात आलं. त्याला कळणारच नाही मी किती जवळ आलोय. मी ओरडलो. दोन्ही पाय उचलून सगळ्या अंगाचं वजन ब्रेकवर टाकलं आणि हँडब्रेक ओढला. खाली काडकन आवाज झाला, पाय एकदम खोल गेला, गाडी गरकन फिरली, चौकोनाचे चारही शंकू उडाले आणि पट्टीच्या अलीकडं, माणसांकडं पाठ करून ती थांबली. धुळीत लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं मी मुद्दाम फिरवली.

मामा धावत आला, दार उघडलं, आणि खाली बघितलं. पत्र्यावर नारळाचं पाणी पसरलं होतं, करवंटीचे तुकडे, पांढरं खोबरं, दुपट्टा. त्यानं एकदाच माझ्याकडं पाहिलं. मग कोणी जवळ यायच्या आत सगळं दुपट्ट्यात गोळा केलं आणि काखेत घेतलं. मी रडत होतो हे मला त्याच्या तोंडाकडं बघून कळलं. आमचा नंबर शेवटून दुसरा आला. आज तपासणीच्या टेबलाशी बसतो ते मीच, आणि एखाद्या पोराच्या गाडीतून देवाचा फोटो, गणपतीची छोटी मूर्ती काढायला लावतो तेव्हा पोरं मला नास्तिक समजतात. समजू देत.

परतीला जामसांवलीशी गाडी थांबवली. देवळाबाहेरच्या दुकानांतून मी तेवढ्याच आकाराचा, शेंडीचा नारळ शोधून घेतला. आईनं पुडीत दिलेला शेंदूर मामाकडं होता, त्याचं बोट लावलं. "मामा, देवासमोर खोटं करून राहिलो रे मी."

"देवाले काय फरक पडते," मामा म्हणाला. "तुझ्या मायले पडते. तिच्या नारळानं तू मेला असता हे तिले समजलं, तं ती जगन का?"

हे खरं होतं. आणि त्याच्या आड माझं स्वतःचं कामही होत होतं, हेही खरं. मला गाडी सोडायची नव्हती.

आई उंबऱ्यातच उभी होती. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मामाला पाहिलं, मग हात पुढं केला. मी नारळ दिला. तिनं तो फिरवून पाहिला, जरा नाकाजवळ नेला, आणि दगडावर आपटून फोडला. सगळ्यांना खोबरं दिलं. बाबांनी नंबर विचारला, मी सांगितला, ते म्हणाले, "निदान सातत्य आहे." आई हसली. "जाय मंग पुढल्या सालीही," ती म्हणाली. मी खोबरं तोंडात धरून न्हाणीत गेलो आणि थुंकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर दारात उभ्या गाडीत वाकून आई केरसुणीनं पत्रा झाडत होती. मी धावत गेलो, म्हटलं, राहू दे, मी करतो. "झालं," ती म्हणाली आणि केर सुपलीत भरून परसात गेली. मामानं सगळं गोळा केलं होतं, म्हणून मी स्वतःला समजावलं. पण त्यानंतरचं वर्ष माझं फार वाईट गेलं. सराव चालू होता, वेळ सुधारत होती, आणि घरी मी तिच्या नजरेला नजर देत नव्हतो. खलबत्ता वर्षभर वाजलाच नाही, अगदी गोटमारीच्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी ती खिडकी उघडी ठेवून नुसती बसून होती. बाबा म्हणाले, सुटली बाई एकदाची. मला मात्र त्या शांततेची भीती वाटायची. वाटायचं, आता सांगून टाकावं. मग वाटायचं, सांगितलं तर ती मोडेल. यातलं दुसरं कारण मी जास्त वेळा वापरलं.

पुढच्या खेपेला निघायच्या सकाळी गाडी दारात लावली होती. आई बाहेर आली, हातात जाड मांजरपाटाची थैली. जुन्या पायजम्याची नाडी कापून तिला चारही कोपऱ्यांना चार बंद शिवले होते, दुहेरी टाक्यांनी. आत नारळ.

"सीटच्या पायाले बांधाचे," ती म्हणाली. "चारी."

मामा दुसऱ्या बाजूनं चाकाची हवा बघत होता, तो तसाच उकिडवा बसून राहिला.

"तुले कधी समजलं?" मी विचारलं.

"हातात घेतला तवाच. माह्या नारळाची शेंडी जळली होती."

"मंग फोडला कायले?"

"तू आला होता ना घरी. मंग फोडा तं लागतेच." ती बंदाची गाठ ओढून बघत होती. "कुठं फुटला, ते दुसऱ्या दिवशी समजलं. ब्रेकच्या सांध्यात काथ्या अडकून होता." तिचा आवाज तिथं बदलला. "वर्षभर एकच गोष्ट डोक्यात होती माह्या. सुटा कायले दिला मी? बांधून द्याचा होता."

मला म्हणायचं होतं की चूक तुझी नाही, माझी आहे, तपासणीवाल्यांनी काढून दिला होता, मीच परत ठेवला. मी ते म्हटलंही, पण मला हुंदका आल्यामुळं तिला ते किती कळलं कोण जाणे. तिनं मला बाजूला सारलं. पदर खोचला आणि त्या गाडीच्या पुढच्या दारातून आत वाकली. पत्र्यावर गुडघा टेकून चारही बंद तिनं स्वतः बांधले, वासरू बांधतात तशा गाठी मारून. थैली धरून गदागदा हलवली. मग हात लांब करून तळव्यानं ब्रेक दाबला, पार पत्र्याला टेकेपर्यंत. सोडला. परत दाबला. तिसऱ्यांदा दाबून तसाच धरून ठेवला.

"लागते," ती म्हणाली आणि हात पदराला पुसत घरात गेली.

मी किल्ली फिरवली तेव्हा आत खलबत्ता सुरू झाला होता.